बादबाईची तपासणी

आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे बादबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतंसुद्धा. तिचं काम काचेच्या टेबलावरचं. वर जाड दुधी काच, खाली ट्यूबलाइटी. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी धुऊन, वाळून आल्या की एकेक त्या काचेवर पसरायची आणि खालून येणाऱ्या उजेडात भोकं शोधायची. सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा तिथे लख्ख दिसतं. भोक लहान असलं तर त्याभोवती खडूने गोल काढायचा, मग पलीकडच्या गरम दाबाच्या यंत्रावर त्याला ठिगळ चिकटवतात. भोक मोठं असलं, किंवा आधीचीच ठिगळं फार झाली असली, किंवा भोक शिवणीला लागून असलं, तर चादर बाजूच्या पेटीत टाकायची आणि म्हणायचं, "बाद."

म्हणायची तशी काही गरज नसते. पेटीत टाकलं की झालं. पण ती म्हणते, आणि असं म्हणते की शेजारच्या खोलीत ड्रायर चालू असला तरी ऐकू जावं.

शिवणीचं जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. चादरीच्या कडेला कापड दुमडून शिवलेलं असतं, म्हणून तिथे ते जाड असतं. सपाट ठिगळ त्या जाडीवर बसत नाही. एका धुण्यात कोपरा सुटतो, दुसऱ्यात अख्खं ठिगळ निघून मशीनच्या तळाशी सापडतं. म्हणून भोक शिवणीजवळ असलं की चादर गेली. हा नियम भिंतीवर लावलेला आहे. बादबाईने तो कधी वाचला नसेल, पण पाळला मात्र डोळ्यांत तेल घालून.

दुसरा नियमही सांगून ठेवते. ठिगळ लावणाऱ्याने आपलं ठिगळ आपण तपासायचं नाही. चिकटवलेली चादर परत काचेवर येते, आणि पास करताना दोघं लागतात. एकाने तपासायचं, दुसऱ्याने शेजारी साक्षीला उभं राहायचं. एवढी वर्षं तिच्या शेजारची ती दुसरी मी आहे. एरवी मी घड्या घालते. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही, तेव्हा तिला टेबलावरून हाक मारते. दोन टोकांना दोघींनी उभं राहायचं, समोरासमोर चालत यायचं, टोकं एकीने दुसरीच्या हातात द्यायची, परत मागे जायचं. दिवसभर अशी एकमेकींकडे चालत येऊन आमची मैत्री झाली. नाहीतर तिचा स्वभाव बघता झाली नसती.

लाँड्रीबाहेरही ती तशीच. भाजीवाला तिला लांबून येताना पाहतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. छत्री घ्यायला गेली की दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून दिव्याखाली धरते. नणंदेला आलेली स्थळं तिने नाकं मुरडून इतकी परत पाठवली, की शेवटी नणंदेने स्वतःच एकाला पसंत केलं, परस्पर लग्न उरकलं आणि मग फोन करून वहिनीला कळवलं. मूल झालं नाही. काही वर्षं दवाखान्याच्या खेपा झाल्या, मग एक दिवस घडी घालताना ती मला म्हणाली, "तो विषय बाद." त्यानंतर मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

अशा बाईने नवरा कसा पसंत केला, हे आम्हाला सगळ्यांनाच कोडं होतं. तो एका मोठ्या गोदामात सामान मोजून देण्याघेण्याचं काम करतो. बोलायला कमी, चालायला हळू, आणि लहानपणी कान फुटल्यामुळे डाव्या कानाने ठार बहिरा. उजवा मात्र तल्लख. म्हणून तो कायम तिच्या डाव्या हाताला असतो. रस्त्यात, बसमध्ये, घरी कॉटवर, कुठेही, तो तिच्या डावीकडे, म्हणजे त्याचा चांगला कान तिच्याकडे. लोक म्हणतात एका कानाने ऐकावं आणि दुसऱ्याने सोडून द्यावं. त्या बिचाऱ्याची दुसरीकडची वाटच बंद आहे. तिचं एवढ्या वर्षांचं सगळं बोलणं त्याच्या आतच साठलेलं असणार, असं मी तिला चिडवते.

तर झालं असं, की तिचा जबडा दुखायला लागला. डावीकडचा, खालचा. जरा खांदाही भरून आल्यासारखा. ती म्हणाली, दाढ आहे. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर एवढे डॉक्टर बसलेत, एकाला दाखव. ती म्हणाली, "दाढेसाठी कुणी हॉस्पिटलात जातं का?" आणि गेली घराजवळच्या दाताच्या डॉक्टरकडे. त्याने तोंड उघडून पाहिलं तर डावीकडे खाली खरंच एक किडकी दाढ निघाली. त्या माणसाला मी दोष देत नाही. आमच्या वयाच्या कुणाचंही तोंड उघडा, कुठल्याही बाजूला एक तरी किडकी दाढ सापडेलच. त्याने ती काढली. दुखणंही हळूहळू थांबलं. दुसऱ्या दिवशी ती दाढ कागदात गुंडाळून कामावर घेऊन आली, मला काचेवर ठेवून दाखवली आणि म्हणाली, "बाद."

तो हार्ट अटॅक होता. दुखणं थांबलं, कारण हृदयाचा जो तुकडा दुखत होता तो मेला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

मधे काही दिवस गेले. ती कामावर येत होती, पण चादरींचा गठ्ठा उचलून आणला की काचेला हात टेकून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, दाढ काढल्यापासून नीट जेवण नाही, अशक्तपणा आहे. मग एका सकाळी आम्ही मोठी चादर घडी करत होतो. मी माझ्या टोकाने चालत आले, ती तिच्या टोकाने निघाली, आणि मधेच थांबली. खाली बसली. ओठ निळसर, श्वास वरच्या वर. पण हात दोन्ही वर धरलेले, धुतलेली चादर जमिनीला लागू नये म्हणून. मी चादर फेकून दिली आणि ओरडले. दाबाच्या यंत्रावरची मुलगी धावली. जवळ होती ती मळक्या कपड्यांची ढकलगाडी, तीच आणली. तेवढ्यातही ती म्हणाली, "ही नको, धुतलेल्यांची आण." मी आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प बस म्हटलं. गाडीत घातली, लिफ्टने वर नेली.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळ्यांनी ऐकलं. नवरा गोदामातून आला तेव्हा त्यालाही त्या तरुण डॉक्टरने ऐकवलं, आणि मी रेंगाळत होते म्हणून मलाही. आमच्या इस्त्रीच्या प्रेसची वाफेची नळी सांध्यात गळायला लागली की असाच आवाज येतो. ठोका, फुस्स, ठोका, फुस्स. तो म्हणाला, "एवढा मोठा आवाज आहे, की नुसता कान टेकला तरी येईल." नवऱ्याने खरंच वाकून तिच्या छातीला उजवा कान लावला. मग सरळ झाला, आणि नुसती मान हलवली. ती आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

संध्याकाळी हृदयाचे सर्जन आले. आवाज इतका हळू की नवऱ्याला स्टूल ओढून त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसावं लागलं. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. चार खोल्या, वर दोन, खाली दोन. खालच्या दोन खोल्यांमधल्या पडद्याला अटॅकच्या वेळी रक्त मिळालं नाही, तेवढा तुकडा मेला, मऊ पडला आणि फाटला. आता रक्त अंगभर जायचं ते फाटक्या जागेतून उजव्या खोलीत उलटं घुसतंय, म्हणून फुफ्फुसं भरतायत. भोक बंद करावं लागेल. पण लगेच नाही. ताज्या मेलेल्या स्नायूला टाका धरत नाही, दोरा कापत बाहेर येतो. थोडं थांबलं तर कडा घट्ट होतात. तोवर तिची तब्येत टिकली पाहिजे, म्हणून मांडीतल्या नसेतून नळी घालून आत एक फुगा ठेवला होता. तो ठोक्यांच्या तालावर फुगायचा आणि मिटायचा, हृदयाचा भार जरा हलका करायचा. त्यासाठी पाय सरळ ठेवून निपचित पडून राहायचं.

ज्या बाईला मी कधी खुर्चीत पाठ टेकलेली पाहिली नाही, ती पडून राहिली. हलायची नाही, पण तोंड चालू. पांघरुणाची घडी उलटी घातली म्हणून नर्सला बोल, उशीची खोळ उसवली आहे म्हणून वॉर्डबॉयला बोल. ती बोलतेय तोवर ठीक आहे, असं मी स्वतःला सांगायचे. मी हॉस्पिटलातलीच असल्यामुळे मला जेवणाच्या सुट्टीत आत सोडायचे. लाँड्रीत सगळे विचारायचे, कशी आहे? मी म्हणायचे, अख्खा वॉर्ड बाद करून झालाय, आता बिल्डिंग काढलीय.

मग सर्जन म्हणाले, आता करून टाकू, याहून थांबण्यात अर्थ नाही, लघवी कमी होतेय. सहीसाठी कागद पुढे केला. तिने आधी त्यांचं ते चित्र मागितलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"भोक नेमकं कुठे म्हणालात?"

त्यांनी पेनाने टिंब काढलं. पडद्याच्या खालच्या, मागच्या कोपऱ्यात, जिथे तो बाहेरच्या भिंतीला मिळतो तिथे.

"म्हणजे शिवणीला लागून."

"शिवण नसते तिथे, मावशी. पण हो, अगदी कडेला आहे. म्हणून जरा अवघड आहे. भोकापेक्षा खूप मोठा पॅच घेऊ आणि जिथे स्नायू चांगला आहे तिथपर्यंत नेऊन शिवू."

"पॅच कशाचा?"

"एक कापड असतं खास. पॉलिएस्टरचं."

मी डोळे मिटले. बादबाईचं आणि पॉलिएस्टरचं जन्माचं वाकडं आहे.

"सुती नाही मिळणार?"

"सुती आत टिकणार नाही."

तिने चित्र परत त्यांच्या हातात दिलं. "बाद," ती म्हणाली.

सर्जनना कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, ती नको म्हणतेय."

त्या माणसाने फार सबुरीने घेतलं, हे मला सांगितलं पाहिजे. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. ऑपरेशनमध्ये धोका आहे, काही जण टेबलावरच जातात. पण ऑपरेशन न करता यातून जवळजवळ कुणीच उठत नाही. ती म्हणाली, "शिवणीजवळचं ठिगळ धरत नाही. माझा जन्म गेला यात."

"तुमचं ठिगळ चिकटवलेलं असतं," ते म्हणाले. "आमचं टाके घालून शिवलेलं असतं."

"शिवून तर आणखी भोकं पडतात."

ते उठले. जाताना मला म्हणाले, "समजवा त्यांना. उद्या सकाळपर्यंत." मी काय समजवणार? मला तिचा संताप आला होता. आमच्याकडे पेटीत गेलेल्या चादरीची निदान फडकी होतात. हिचं काय होणार होतं? मी तेही बोलून दाखवलं. म्हटलं, "तुझं फडकंसुद्धा होणार नाही." ती हसली, मग हसता हसता धाप लागली, मग नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर येऊन बसले. ती मरणार होती, आणि लाँड्रीच्या भिंतीवरच्या एका नियमामुळे मरणार होती.

नवरा संध्याकाळी आला. मी त्याला उजव्या कानात सगळं सांगितलं.  तो आत गेला, नेहमीप्रमाणे तिच्या डावीकडे स्टुलावर बसला, पांघरूण सारखं केलं. मी दारात उभी राहिले. कुणी मला जा म्हटलं नाही.

मग तो म्हणाला, "मला बघायला आलीस तेव्हा सांगितलं होतं तुला, की डावा कान गेलेला आहे."

"हो."

"आधीच्या सगळ्यांनी तेवढ्यावरून नाही म्हटलं होतं. तू पास केलंस."

"तेव्हा मी टेबलावर नव्हते," ती म्हणाली. "तेव्हा मला काम येत नव्हतं."

मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. थोडा पुढे सरकला आणि त्याच त्याच्या संथ आवाजात म्हणाला, "आत्ताही तू टेबलावर नाहीस गं. म्हणजे आहेस, पण तपासायला नाहीस. आत्ता तू चादर आहेस. चादर कधी आपणहून म्हणते का, मी बाद?"

ती छताकडे बघत राहिली.  फुग्याचं यंत्र पलंगाशी टकटक करत होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "लावू दे त्यांना ठिगळ. पण झाल्यावर तपासणी होणार. तुम्हाला तो आवाज माहीत आहे. घरी गेल्यावर तुम्ही कान लावून ऐकायचं. आवाज गेला असेल तर पास. गळत असेल तर बाद, आणि मग मी गोळ्या घेणार नाही, परत चिरून घेणार नाही. मला आपलं पडून राहू द्यायचं. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला.

"आणि ही साक्षीला." ही म्हणजे मी.

ऑपरेशनच्या दिवशी मी काचेच्या टेबलावर होते, तिच्या जागी. कुठली चादर कुठल्या दिवशी कुणाच्या अंगावर जाईल हे आम्हाला कधीच कळत नाही. इथून निघाली की ती वाफेत जाते, गठ्ठ्यात बांधली जाते, मग वर. त्या घटकेला तिच्यावर असलेली चादर तिनेच कधीतरी पास केलेली असणार. छाती उघडायची, रक्त यंत्रातून फिरवायचं, हृदय थांबवायचं, मेलेल्या भागातून आत शिरायचं आणि ठिगळ शिवायचं, हे सगळं मला त्या तरुण डॉक्टरने हौसेने समजावून सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मी रडणाऱ्यांतली नाही. पण त्या दिवशी काचेवर मला भोकं दिसेनात, सगळा उजेडच ओला झाला होता. शेवटी दाबाच्या यंत्रावरची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही बसा, आज चादरी राहू द्या." मी बसले.

दुपार टळल्यावर वरून बोलावणं आलं. सर्जन बाहेर आले होते, टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. नवरा त्यांच्या डावीकडे, मी समोर.

"ठिगळ बसलंय," ते म्हणाले. आमच्यामुळे तेही आता पॅच म्हणत नव्हते. "हृदय चांगलं चाललंय. एक सांगतो. कडेला, एका कोपऱ्यात, अगदी बारीक गळतंय. स्नायू तिथे मऊच होता. त्याने काही बिघडत नाही. पुढे आपोआप बंद होईल, किंवा तसंच राहील. त्यासाठी परत काही करायचं नाही. फक्त गोळ्या वेळेवर हव्यात, त्या चुकवून चालणार नाही."

"आवाज?" नवऱ्याने विचारलं.

"आवाज राहीलच. भोक लहान असलं की आवाज उलट मोठा येतो. घाबरायचं नाही त्याला."

"राहील?"

"राहील."

त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.

ती शुद्धीवर आली, नळ्या निघाल्या, बोलता यायला लागलं, तेव्हा सर्जन तिला बघायला आले. म्हणाले, "मावशी, छान झालंय हं. फक्त एवढंसं..."

तिने हात वर केला. हाताला सुया होत्या, पण वर केला. "तुम्ही नका सांगू, डॉक्टर. तुम्हीच लावलंत आणि तुम्हीच पास करणार? आमच्यात तसं चालत नाही. लावणारा वेगळा, तपासणारा वेगळा."

सर्जननी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.  ते म्हणाले, "बरं. तपासणाऱ्यांना मी सांगितलंय सगळं," आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

पुढे मी जिवाला घोर लावून घेतला. नवऱ्याला एकटं गाठून विचारलं, काय करणार आहात? तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, खरं सांगा तिला, डॉक्टर म्हणाले ना काही बिघडत नाही. तो म्हणाला, "तिच्या लेखी बारीक भोक आणि मोठं भोक यात फरक आहे का?" नाही हे मलाही माहीत होतं. मग मी म्हटलं, नाही तर सरळ खोटं बोला. तो म्हणाला, "तिच्याशी? ते मला कधी जमलं नाही."

घरी सोडल्यावर काही दिवसांनी तिचा निरोप आला, की ये, तपासणी आहे. गेले. दोन खोल्यांचं घर, नको तितकं स्वच्छ. ती कॉटवर भिंतीला पाठ लावून बसली होती, छातीशी एक लहान उशी धरून. खोकला आला की ती उशी दाबून धरायची, म्हणजे छातीच्या हाडावर ताण येत नाही. निम्मी झाली होती. गाऊनच्या गळ्यातून जखमेचं वरचं टोक दिसत होतं. शेजारी स्टुलावर गोळ्यांचा डबा, आणि पाणी भरून ठेवलेला पेला. मी आल्याआल्या तिने पडदे बघून घ्यायला सांगितलं, नणंदेने धुऊन लावलेत, वाकडे आहेत म्हणून. वाकडे होते.

"उभी राहा इथे," ती मला म्हणाली. "अहो, या."

तो मोरीतून हात पुसत आला. सवयीने तिच्या डावीकडे गेला, कॉटच्या कडेला टेकला, आणि तिने उशी बाजूला केली. तो वाकायला लागला, आणि थांबला. मग उठला, कॉटच्या पायथ्याकडून फिरून पलीकडे गेला, आणि तिच्या उजव्या हाताला बसला. एवढ्या वर्षांत त्याला त्या बाजूला बसलेला मी कधी पाहिलेला नव्हता. पाठ जरा वळवून, अंगाचा भार स्वतःच्याच हातावर तोलून, अगदी अलगद त्याने मान झुकवली आणि डावा कान तिच्या छातीवर ठेवला.

खोली शांत होती. मला उभ्या जागी काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मला ती वाफेची नळी ऐकू येत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली त्याच्या डोक्याकडे बघत होती, काचेवर चादर पसरल्यावर बघते तसंच, जराही घाई न करता. मग तिने हात उचलला आणि वर असलेल्या त्याच्या उजव्या कानावर तळवा ठेवला. घट्ट. केसांवरून हात फिरवावा तसा नाही, झाकण लावावं तसा.

"डावा लावलाय गं यांनी," ती मला म्हणाली.

 त्याला ऐकू गेलं नाही. तो तसाच पडून होता, डोळे मिटून, मन लावून ऐकत असल्यासारखा.

तिने तळवा काढला.

"काय?" तिने मोठ्याने विचारलं. "येतोय का आवाज?"

"नाही," तो म्हणाला. "काही ऐकू येत नाही."

"नीट ऐकलंत?"

"नीट ऐकलं."

तिने माझ्याकडे मान वळवली. दोघं लागतात. मी मान हलवली.

"पास," ती म्हणाली, नेहमीएवढ्या मोठ्याने नाही, पण शेजारच्या खोलीत जावं इतपत. मग म्हणाली, "तो डबा दे इकडे. गोळीची वेळ झाली."